तापवाले चंपतराव

चंपतराव मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच अंगणात. १९६४ साल होतं. नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडच्या अंगाला आमची छोटी नगरपालिका होती आणि तिथे कारकून म्हणून लागून मला तीन आठवडे झाले होते. सकाळी नऊच्या सुमारास एक उंच, सडपातळ माणूस सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहिला. अंगावर खाकी सदरा, खांद्याला झोळी, हँडलला दुधाचा डबा अडकवलेला.

"घरी कोणाले ताप हाय काय? पंधरा दिवसांत येऊन गेला काय?"

माझ्या धाकट्या बहिणीला, लतिकाला, दोन दिवस कणकण होती. त्यांनी झोळीतून सुई आणि काच काढली, तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरवला आणि चार पांढऱ्या गोळ्या आईच्या हातात न देता ओट्यावर ठेवल्या. आईला काय चालतं आणि काय नाही हे त्यांना न सांगता कळलं होतं. मग त्यांनी डबा उचलला आणि विहिरीकडे पाहिलं.

"मासे सोडा लागते विहिरीत. डासाची अळी खाते ते."

आई पुढे झाली. "विहिरीजवळ नका जाऊ," एवढंच म्हणाली. कारण बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. छप्पन साली दसऱ्याला दीक्षा घेतलेली त्यांची वस्ती रेल्वे लाइनीच्या पलीकडे होती आणि आमचं घर भोसल्यांच्या काळापासून इकडे होतं.

मला वाटलं, आता हा माणूस चिडेल किंवा निघून जाईल. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "मंग तुम्ही सोडा, बाबू. बादलीत घेऊन खाली न्या अन् हळू पाण्यात वाकवा. वरून फेकसान तं मरते."

मी तसंच केलं. ते लांब उभे राहून पाहत होते, आणि शेवटचा मासा बादलीतून निघेपर्यंत हलले नाहीत. जाताना त्यांनी गेरूच्या तुकड्यानं दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहिली.

पुढे ऑफिसात त्यांची फाईल माझ्याकडे आली तेव्हा त्यांची माहिती कळली. मूळचे नरखेड तालुक्यातले. आई आणि दोन भाऊ एकाच पावसाळ्यात हिवतापानं गेले, तेव्हा हे दहा वर्षांचे होते. शिक्षण चौथीपर्यंत. १९५९ साली भिंतींवर डीडीटी फवारायच्या कामावर हंगामी म्हणून लागले आणि मग घरोघर फिरून ताप पाहायचं काम त्यांच्याकडे आलं. गावात चौदाशे घरं होती. प्रत्येक घरी महिन्यातून दोनदा. लोक त्यांना तापवाला म्हणायचे. एखादी बाई दुरूनच ओरडायची, "आमच्याकडे नाही गा ताप, जा पुढे," तरी ते आत डोकावून निजलेलं कोणी दिसतं का ते पाहायचेच. बायका आजार लपवतात हे त्यांना ठाऊक होतं. तापात पडलं तर काम कोण करेल, म्हणून.

सहासष्ट सालापासून त्यांच्या एकाही काचेत हिवताप निघाला नाही. काचा जिल्ह्याला तपासायला जायच्या आणि उत्तर यायचं, निरंक. पुढच्या महिन्यात निरंक. स्वच्छता निरीक्षक दत्तोपंत गोसावी हे आमचे वरिष्ठ. स्वभावानं सरळ, पण भित्रे. तेही एकदा म्हणाले, "या माणसानं एकट्यानं गावातून रोग हाकलला." चंपतराव त्या वेळी दारातच उभे होते. ते म्हणाले, "हाकलला नाही साहेब. बाहेर उभा हाय तो. आपण दार लावून ठेवलं एवढंच."

आता पैशाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चंपतरावांचा पगार आमच्या टेबलावरून निघायचा, पण तो पैसा आमचा नव्हता. तो दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून आमच्याकडे यायचा. नगरपालिकेची स्वतःची मिळकत म्हणजे जकात. त्यात झाडूवाल्यांचे पगार कसेबसे भागायचे. म्हणून तापाच्या कामावरची पाचही माणसं हंगामी ठेवलेली होती. दर वर्षी फेब्रुवारी संपला की वरून परवानगी यायची आणि त्यांचं आणखी एक वर्ष पुढे सरकायचं. अकरा वर्षं असंच सरकत गेलं.

१९७० च्या फेब्रुवारीचा शेवटचा दिवस शनिवार होता. नाक्याजवळच्या हॉटेलात रेडिओभोवती आम्ही जमलो होतो. दिल्लीत संध्याकाळी पाचला बजेट मांडलं जायचं आणि नंतर बातम्यांत त्याचा गोषवारा यायचा. लोकांना सिगरेट आणि साखरेची चिंता. चंपतराव सायकल धरून बाहेर उभे होते.

बातम्या संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "आमचं काही होतं काय त्याच्यात, बाबू?"

"मलेरियाचं नाव नाही आलं."

"नाव नाही आलं म्हणजे चांगलं का वाईट?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "चांगलंच असेल. बदल असता तर सांगितलं असतं."

मे महिन्यात कागद आला. एकच पान, तेही फिकट सायक्लोस्टाइल. ज्या भागांत सलग तीन वर्षं रुग्ण आढळला नाही, तिथल्या कामासाठी केंद्राच्या तरतुदीतून यापुढे मदत मिळणार नाही. राज्यालाही ते शक्य नाही. स्थानिक संस्थांनी आपल्या साधनांतून व्यवस्था करावी. मी तो दोनदा वाचला. रोग परत आला असता तर पैसा आला असता. रोग गेला होता, म्हणून पैसा थांबला.

सभेत अर्धा तास चर्चा झाली. अध्यक्ष म्हणाले, आपल्याकडे दिवे लावायला पैसे नाहीत, नसलेल्या रोगाला कुठून आणायचे? कोणी विरोध केला नाही. पाच जागा तीस जूनपासून बंद. यादी मी टाइप केली. चंपत सोमाजी मेश्राम, अनुक्रमांक दोन. टाइप करताना मला विशेष काही वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. माझ्यापुढे त्या दिवशी आणखी सात कागद होते.

दत्तोपंतांनी एक केलं. जकात नाक्यावर बांबू उचलायला एक माणूस हवा होता. ती जागा नगरपालिकेच्या स्वतःच्या मिळकतीतून होती. तिथे त्यांनी चंपतरावांना लावून दिलं. बाकीचे चौघे घरी गेले. त्यांतला नानाजी नावाचा एकजण नागपुरात इतवारीच्या बाजारात हमाली करू लागला असं पुढे ऐकलं.

नाका अमरावती रोडवर वाडी गावाच्या अलीकडे होता. दिवसभर ट्रक. ट्रक आला की बांबू खाली, पावती फाडली की बांबू वर. चंपतराव ते काम बिनबोभाट करायचे. पण सुट्टीच्या दिवशी त्यांची सायकल गावात दिसायची. जुन्या साठ्यातल्या काचा आणि गोळ्या उरल्या होत्या, त्या संपेपर्यंत ते घरोघर गेले. काचा तपासायला घेणारं मात्र आता कोणी नव्हतं. गोळ्या एकाहत्तरच्या दिवाळीला संपल्या. त्यानंतर ते नुसतेच विचारत फिरायचे. मग एका दारी कोणी तरी म्हणालं, "तुमच्यापाशी औषध नाही, तं विचारता काहून?" त्या दिवसापासून त्यांनी जाणं सोडलं.

याच काळात वाडीच्या बाजूनं ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं वाढत होती. गोदाम आलं की हमालांसाठी खोल्या आल्या, खोल्या आल्या की पाणी साठवायला सिमेंटची उघडी टाकी आली. चंपतरावांची मुलगी कौसल्या अशाच एका चाळीत राहायची. तिचा नवरा रविंद्र गोदामात माल चढवायचा. त्यांना एक लहान मुलगी होती, चारुशीला. नाक्यापासून त्यांची खोली चालत दहा मिनिटांवर. डबा कधी घरून त्यांच्या बायकोचा, बायजाबाईंचा यायचा, कधी कौसल्या आणायची.

त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात एके दुपारी चंपतराव ऑफिसात आले. हातात पांढरा वाडगा, त्यावर कापड बांधलेलं. वाडगा माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी कापड सोडलं.

"पाहा बाबू. कौसल्याच्या चाळीच्या टाकीतलं हाय."

पाण्यात बारीक काड्यांसारखं काही हलत होतं.

"अळी आहे. डासाची असेलच, पावसाळा आहे."

"तसं नाही. नालीतल्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते. हे पाहा कशी हाय. पाण्याच्या वर आडवी झोपली हाय. ही हिवतापाची." त्यांनी बोटानं पाणी हलवलं, अळ्या बुडाल्या आणि पुन्हा वर येऊन आडव्या झाल्या. "सात वर्षांत मी इथी ही पाह्यली नव्हती. आता हाय. बाहेरच्या मुलुखातून हमाल येऊन राहिले, त्यायच्या रक्तात ताप राहते. डास हाय, ताप हाय. मंग काय उरलं?"

मी त्यांच्या वतीनं अर्ज लिहिला. टाक्यांवर तेल टाकावं, निदान एक माणूस द्यावा, गोळ्या मागवाव्यात. त्यांनी खाली सही केली. अर्ज घेऊन मी दत्तोपंतांकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"देशकर, आपल्या गावात मलेरिया नाही असं आपणच लिहून दिलेलं आहे. आता आहे म्हणायचं तर पुरावा लागतो. काचेवरचं रक्त कुठे आहे?"

"काचा नाहीत. आणि तपासणारं कोणी नाही."

"मग? यंदा दुष्काळामुळे वरून सगळ्याच खात्यांना काटकसर आहे. दिल्लीनं राज्याचा हात आखडला, राज्यानं आपला. अशा वेळी वाडगाभर पाणी दाखवून मी काय मागू?"

त्यांचं चुकत होतं असं मला त्या वेळी वाटलं नाही. अर्जावर 'फाईल करावा' असा शेरा मारून त्यांनी तो मला परत दिला आणि मी तो फाईलला लावला. मला तो स्वतःच्या हातानं जिल्ह्याला नेता आला असता. सायकलनं पाऊण तास. मी गेलो नाही.

चंपतराव पंधरा दिवसांनी विचारायला आले. मी म्हणालो, "वर पाठवलाय." ते खोटं होतं.

पंचाहत्तरचा पावसाळा लांबला. भाद्रपदात चाळींतून ताप सुरू झाला. आधी हमालांत, मग त्यांच्या बायकामुलांत, मग लाइनीच्या अलीकडेही. डॉक्टर लोक कोणी फ्लू म्हणाले, कोणी विषमज्वर. आणीबाणीचे दिवस होते. साथ आली असं कागदावर लिहायला साहेब दहादा विचार करायचे. मसणवटीची लाकडं आमच्याकडून जायची. एरवी महिन्याला सहा-सात मयतींची लागायची, त्या आश्विनात एकवीस लागली. तापाचा वेगळा आकडा नाही, कारण तो ठेवणारं कोणी उरलं नव्हतं.

कौसल्याला सातवा महिना होता. तिलाही ताप आला. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून तो पुन्हा चढला तेव्हा चंपतरावांनी नाका सोडला आणि थेट माझ्याकडे आले. दुपारचे बारा वाजले असतील.

"बाबू, जुन्या कपाटात गोळ्या पाहा. एखादी पट्टी, काही असंन."

आम्ही दोघांनी कपाट रिकामं केलं. गेरूचे तुकडे, फाटक्या वह्या, गंजलेली सुई. एका डब्याच्या तळाशी गोळ्यांचा पिवळा भुगा होता. त्यांनी तो वास घेऊन पाहिला आणि झाकण लावलं.

"बाजारात मिळेल," मी म्हणालो.

"सकाळपासून चार दुकानं पाह्यली. सगळ्यायलेच पाहिजे हाय आता."

मी त्यांच्याबरोबर गेलो. कौसल्या खाटेवर होती, डोळे उघडे, पण बाप समोर उभा आहे हे तिला कळत नव्हतं. बायजाबाई तिचे पाय घासत होत्या. लहानगी चारुशीला दारात बसून काही तरी चघळत होती. रविंद्रनं गोदामातून एक छोटा ट्रक आणला. आम्ही तिला मागे गोणपाटावर निजवलं आणि नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, मेडिकलला नेलं. वाटेत चंपतराव एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "डोक्यात गेला. डोक्यात गेला तो."

मेडिकलमध्ये डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं, सलाईन लावलं, औषध दिलं. त्यांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. वॉर्डात खाली जमिनीवरही रुग्ण होते. दुसऱ्या दिवशी ती बाळंत झाली, मूल मेलेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कौसल्या गेली. तेवीस वर्षांची होती.

दहाव्या दिवशी चंपतराव ऑफिसात आले. दाढी वाढलेली, पण सदरा धुतलेला. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या नाही, दत्तोपंतांच्या टेबलावर ठेवला. मेडिकलचा रक्ताचा रिपोर्ट होता.

"साहेब, तुम्हाले काच पाहिजे होती. ही घ्या."

दत्तोपंतांनी रिपोर्ट वाचला. चंपतरावांनी मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, माह्या अर्जाचं काय झालं होतं?"

ऑफिसात सहा-सात माणसं होती. मी म्हणालो, "तो पाठवला नव्हता, चंपतराव. इथेच आहे."

ते माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर कित्येक वर्षं वाटत राहिलं. ते म्हणाले, "अस्सं," आणि नाक्यावर ड्यूटीला गेले.

त्या रिपोर्टासह आम्ही वर लिहिलं. या वेळी कागद मी स्वतः जिल्ह्याला नेला. चार महिन्यांनी उत्तर आलं की चालू वर्षाची तरतूद संपली आहे, मागणी पुढील वर्षाच्या प्रस्तावात समाविष्ट करावी. पुढच्या वर्षी केली. त्याच्या पुढच्या वर्षी पैसा मंजूर झाला, कारण तोवर ताप सगळीकडेच परतला होता आणि दिल्लीच्या बजेटात त्याचं नाव पुन्हा आलं होतं.

सत्याहत्तरच्या शेवटी आम्हाला तीन जागा मिळाल्या. अट होती, उमेदवार सातवी पास आणि वय तिशीच्या आत. चंपतराव एकावन्न वर्षांचे होते आणि चौथी शिकलेले. मी मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊन बोललो. ते म्हणाले, नियम माझे नाहीत. जे तिघे लागले त्यांना अळी कशी ओळखायची तेही माहीत नव्हतं, आणि गावातल्या विहिरी कुठे आहेत तेही नाही. दत्तोपंत तेव्हा निवृत्तीला आले होते. ते स्वतः नाक्यावर गेले आणि चंपतरावांना म्हणाले, "या पोरांना गाव दाखवा. मला तुम्हाला काही देता येणार नाही."

चंपतराव नऊ दिवस ड्यूटी सुटल्यावर त्यांना घेऊन फिरले. प्रत्येक विहीर, प्रत्येक टाकी. त्यातली कौसल्याच्या चाळीची टाकी त्यांनी रस्त्याच्या पलीकडून बोटानं दाखवली आणि तिघं आत जाऊन येईपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले. हे मला त्या तिघांपैकी एकानं सांगितलं.

रविंद्रनं दुसरं लग्न केलं आणि हिंगण्याला कंपनीत लागला. चारुशीला आजी-आजोबांकडेच राहिली. चंपतराव शहाऐंशी साली नाक्यावरूनच निवृत्त झाले. त्यांचं सेवापुस्तक माझ्याकडे आलं. नोकरीची सुरुवात एक जुलै १९७०. त्याआधीची अकरा वर्षं कुठेच नव्हती. हंगामी सेवा धरत नाहीत. ती धरावी म्हणून मी टिपणी लिहिली, जुन्या हजेऱ्या जोडल्या, दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा परत आली. त्यांना सांगायला गेलो तेव्हा ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "राहू द्या बाबू. तुम्ही काहून एवढे फिरून राहिले?" त्यात राग नव्हता. मायाही नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते गेले. छातीचा आजार होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. बायजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चारुशीला सोळा वर्षांची झाली होती, कॉलेजात जायची. कोणी तरी आल्यागेल्याशी बोलताना म्हटलं होतं की तापवाला गेला, ते तिनं ऐकलं होतं.

तिनं मला विचारलं, "काका, आजोबांना तापवाला काहून म्हणते लोक? ते तर नाक्यावर होते ना?"

त्यांनी तिला काही सांगितलेलंच नव्हतं. मी सांगितलं. चौदाशे घरं, महिन्यातून दोनदा, अकरा वर्षं. आणि त्यांतली शेवटची काही वर्षं गावात एकालाही हिवताप नाही. ती ऐकत होती. बायजाबाईंनी डोळे मिटले होते, पण झोपल्या नव्हत्या.

"मग एवढं चांगलं काम सोडलं काहून त्यायनं?"

"सोडलं नाही. काम बंद झालं. वरून पैसा थांबला."

"कोणी थांबवला?"

दिल्ली म्हणता आलं असतं, मुंबई म्हणता आलं असतं. आमची सभा होती, तो फिकट कागद होता. ते सगळं खरंच होतं.

"बंद करायच्या माणसांची यादी मी टाइप केली होती," मी म्हणालो. "आणि पुढे त्यांनी ताप परत आल्याचा अर्ज दिला, तो मी दाबून ठेवला. तुझी आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली."

ती उठून आत गेली. मी चपला घालायला उठलो.

बायजाबाईंनी डोळे उघडले. "हे सारं माहीत होतं तिच्या आजोबाले," त्या म्हणाल्या. "पोरीले सांगू नको म्हने. तुमच्या नावाचा राग धरून तिनं मोठं होऊ नये म्हने."

मी बाहेर आलो. ऊन कडक होतं आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.